मुकुटबनचा पुकारा

यवतमाळच्या नव्या स्टँडवर, तीन नंबरच्या फलाटामागं, जिथं सायकली लावतात, तिथं फरशी एका जागी खचली आहे. गेल्या आठवड्यात मी तिथंच ठेचकाळलो. हातातला पत्रकांचा गठ्ठा निसटला, शाई अजून ओली होती, फरशीवर पसरला. बाजूचा एक माणूस कंत्राटदाराच्या नावानं ओरडला. कंत्राटदाराला कोणी शिव्या घालत असेल तर एरवी मी दोन जास्तीच्या घालतो. पण यात त्याची चूक नव्हती. खाली चिंच आहे. चिंच तोडली, बुंध्यावर मुरूम टाकला, वर सिमेंट ओतलं. आत तो बुंधा कुजत बसला आणि वरची जमीन हळूहळू खाली गेली.

पत्रकं गोळा करायला मी गुडघ्यावर बसलो आणि बसूनच राहिलो. याच जागी माझा बाप उभा राहत असे.

मी पत्रकं लिहिणारा माणूस आहे. पत्रकात कारण आधी येतं, मग मागणी येते, खाली सह्या येतात. इथं मी कारणं देणार नाही. कारणं द्यायची मला फार सवय झाली आहे आणि त्यांच्या आड लपायचीही.

तेव्हा स्टँड नव्हतं. अड्डा होता. अड्डा म्हणजे ती चिंच, तिच्याखाली दोन दगड, पाण्याचा एक रांजण आणि धुळीत उमटलेले टायरचे चट्टे. सर्व्हिस मोटारी यायच्या, पुढून लोखंडी दांडा घालून फिरवल्याशिवाय चालू न होणाऱ्या. मोटार चालू झाली की चिंचेची पानं थरथरायची आणि खाली झोपलेल्या माणसांच्या अंगावर पिवळी भुकटी पडायची. माणसं झोपलेलीच असायची. कोणी पहाटेच्या गारठ्यात पायी येऊन पोचलेलं, कोणी कचेरीत दोन दिवस बसून आलेलं. गाडी केव्हा येईल ते कोणी विचारत नसे. विचारायची गरज नव्हती. गोमा होता.

गोमा म्हणजे माझा बा. गोमा पुकाऱ्या. लोहाऱ्यात आमच्या घराकडं येसकरकी होती, दवंडी द्यायची होती. तोच गळा घेऊन तो अड्ड्यावर आला होता. गाडी लागली की चिंचेच्या बुंध्याला एक हात टेकवायचा, दुसरा कानावर धरायचा आणि पुकारायचा.

“जोडमोहाऽऽ, मोहदाऽऽ, पांढरकवडा, झरीऽऽ, मुकुटबऽऽन!”

पांढरकवडा तो चटकन म्हणायचा, कारण पांढरकवड्याचे लोक जागे असतात असं त्याचं म्हणणं. झरीला आवाज लांबवायचा. मुकुटबनला वर न्यायचा, इतका वर, की शेवटचा ‘न’ ऐकूच यायचा नाही, तो चिंचेत राहायचा. तांड्यावरच्या बाया असल्या तर गोरबोलीत हाक द्यायचा, “याडी”, म्हणजे आई, म्हणून सुरुवात करायचा. कोलामांना कोलामीत. कुठं शिकला, कोणाला ठाऊक. कोलाम माणूस शहरात अंग चोरून बसतो. आपल्या बोलीत आपल्या गावाचं नाव ऐकू आलं की त्याचे खांदे सैल पडत. ते मी पाहिलं आहे. तेव्हा पाहिलं आणि तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही.

हंगाम नाकाला कळायचे. दिवाळीनंतर अड्ड्यावर कापूस उडायचा, मोटारीच्या टपावर, बायांच्या केसांत, रांजणाच्या तोंडावर. होळीच्या पुढं मोहाची गाठोडी यायची. त्यांचा गोड, आंबूस वास दुपारच्या उन्हात इतका जड व्हायचा की गाडी गेली तरी तो मागं बसून राहायचा. मग तेंदूपत्त्याचे पुडे. मग पहिली ओली गोणपाटं. आणि या सगळ्यात पेट्रोल, जळकं रबर आणि हसनभाईच्या हातांचा ग्रीसचा वास. हसनभाई मिस्त्री होता. मोटारीखाली पाठीवर पडल्या पडल्या तो ओरडायचा, “गोमा, तू पुकार यार, इंजन शरम से चालू हो जाएगा!”

मुकुटबनला माझी सखूआत्या दिलेली. वर्षातून दोनदा यायची. परत जाताना गाठोडं उशाला घेऊन चिंचेखाली बिनघोर झोपायची. सगळ्या गावांचा पुकारा झाला की बा आवाज खाली आणून एक जास्तीचा पुकारा द्यायचा, “सखे, ऊठ वं, मुकुटबन लागली.” ती डोळे चोळत उठायची आणि रोज ऐकल्यासारखी म्हणायची, “उठली, दादा.” अड्डा हसायचा.

मी हसत नव्हतो. मी तेव्हा मिशनाच्या मागच्या शाळेत होतो आणि शाळेतली पोरं मला पाहिलं की कानावर हात ठेवायची. “मुकुटबऽऽन!” वर्गात मास्तर हजेरी घेताना माझ्या नावावर कोणीतरी मागून तो सूर काढायचं. अड्ड्यावरून शाळा सरळ रस्त्यावर होती. मी जिनिंगच्या मागून, नाला ओलांडून जायचो. एकदा बानं मला नाल्याच्या कडेनं जाताना पाहिलं. संध्याकाळी म्हणाला, “तिकडून काहून जातं रे? काटे हायेत.” मी म्हणालो, “सावली असते.” नाल्याला झाड नव्हतं.

छप्पन साली नागपूरहून सगळे पांढऱ्या कपड्यात परत आले. माझी माय, बा, अख्खी वस्ती. देव्हाऱ्यातले देव टोपलीत घालून नाल्याला नेले. त्या दिवसांचं मी काय सांगू? पाठीचा कणा सरळ होतो म्हणतात, तो खरंच झाला, ऐकू यावा असा झाला. वस्तीनं गावकी सोडली. मेलेलं ढोर ओढायचं नाही. पाटलाच्या घरचा सांगावा न्यायचा नाही. लाकडं फोडायची नाहीत. दवंडी द्यायची नाही. बानं लोहाऱ्याची दवंडी त्याच आठवड्यात सोडली. पाटील दारात आला तर त्याला म्हणाला, “आता तुमी सोता पुकारा, मालक. तोंड तं हाये ना.” हे वाक्य वस्तीत वर्षभर फिरत होतं. त्याच्या या वाक्याचा मला अभिमान होता. तेवढ्याच एका वाक्याचा.

अड्ड्यावरचा पुकारा मात्र चालू राहिला. त्यात कोणाला काही खुपलं नाही. अड्डा गावाचा नव्हता, पाटलाचा नव्हता.

मला खुपलं. चार वर्षांनी मी मॅट्रिक झालो होतो, तरुण मंडळाचा चिटणीस होतो, आणि पहिलं छापील पत्रक माझं होतं. गावकीतली कोणती कामं सोडायची त्यांची यादी. जुन्या माणसांनी नऊ कलमं सांगितली होती. दहावं मी घातलं: ‘मोटार अड्ड्यावर गावांची नावे पुकारणे.’ समाजमंदिराच्या ओट्यावर, सगळी वस्ती बसलेली असताना मी ती यादी वाचली. चांगली वाचली. माझा आवाजही बापाचाच आहे.

बा मागं बसला होता. वाचून झाल्यावर उभा राहिला.

“हे बी त्यातच येते काय रे?”

“येते,” मी म्हणालो. “दवंडीचाच प्रकार आहे तो. लोक आपल्याला अजून पुकाऱ्या म्हणतात.”

“लोक तं मले गोमा म्हनतात.”

“तोंडावर गोमा म्हणतात, बा.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटतं, त्याला नाला आठवला. मग म्हणाला, “बरं,” आणि बसला. टाळ्या झाल्या.

ते कलम तत्त्वाचं नव्हतं. हे मी आजवर कुठंही लिहिलं नाही, म्हणून इथं लिहितो. बाकीची नऊ कलमं तत्त्वाची होती आणि आजही मी त्यांच्यासाठी डोकं फोडून घेईन. दहावं कलम म्हणजे वर्गातली पोरं होती. मी माझी लाज उचलली आणि तिला चळवळीचा शिक्का मारला.

बा जिनमध्ये कामाला लागला. सरकी काढायच्या यंत्रापुढं, रेच्यापुढं, कापूस टाकायचा. तिथं हवेत कापूसच असतो. घरी आला की भुवया पांढऱ्या, मिश्या पांढऱ्या, आणि खोकला. माय गुळाचा खडा द्यायची. दुसऱ्या वर्षी त्याचा आवाज फाटला. तिसऱ्या वर्षी तो बोलायला लागला की समोरच्याला पुढं वाकावं लागे.

तोवर चिंचेच्या पलीकडं पत्र्याचं स्टँड झालं होतं. लांब शेड, लोखंडी खांब, बसायला बाकं, आणि प्रत्येक खांबाला पिवळी पाटी, काळी अक्षरं. आम्ही मंडळाच्या पोरांनी त्या पाट्या पाहून आनंद मानला होता. आता कोणाच्या गळ्याची गरज नाही, मी म्हणालो, आता अक्षर बोलणार. पत्रे उन्हात तापून तडतडायचे. चिंचेखाली झोपणारी माणसं बाकावर ताठ बसायला लागली. गाडीचा आवाज आला की सगळी एकदम उठायची, धावायची, “कुठली हाय? कुठली हाय?” विचारत, आणि कंडक्टर त्यांच्यावर खेकसायचा, “पाटी दिसत नाही का?” पाटी दिसत होती. दिसण्यात काय अडचण होती?

मग एका वर्षी खांबावर भोंगा बसला. हसनभाई शेडच्या कडेला स्पॅनर पुसत उभा होता. मला पाहून म्हणाला, “अबे छोटे, बाप का भोंगा तो तूने बंद कर दिया. ले, अब सरकार का सुन.”

त्याच वर्षी सखूआत्या बऱ्याच वर्षांनी आमच्याकडं आली होती. डोळ्यांसाठी. सरकारी दवाखान्यात औषध घालून घ्यायची आणि दिवसभर ओसरीवर डोळे मिटून बसायची. बानं पुकारा सोडला हे मायनं तिला सांगितलं. तिला ते पटलंच नाही.

“सोडला म्हंजे? लोकायसाठी सोडला असंन. मले तं देईनच.”

एका सकाळी मुकुटबनचा एक माणूस निरोप घेऊन आला. आत्याच्या नवऱ्याची, तुळशीराममामांची, तब्येत खालावली होती. आजच या, असा निरोप होता. दुपारी एकच गाडी. बा पाळीवर गेलेला. मी आत्याला घेऊन स्टँडवर गेलो. बगलेत पत्रकं होतीच. त्या आठवड्याचं पत्रक साक्षरतेचं होतं.

मी तिला तिसऱ्या खांबाजवळ बसवलं. वर बोट दाखवलं. “हे बघ आत्या, इथं लिहिलंय मुकुटबन. इथंच लागते. मी हा आलो.”

ती वर पाहायचा प्रयत्न करत म्हणाली, “लिवलं असंन, बाबू. तू सांगतं तं लिवलंच असंन.”

आणि मी पत्रकं वाटायला गेलो.

शेडच्या टोकाला चहाचं हॉटेल होतं. तिथं भिंतीला खिळा होता आणि खिळ्याला कान तुटलेला एक कप. कोणासाठी, ते सांगायला नको. चहा मागितला तर मालकानं तो कप काढला.

“हा कोणाचा कप?”

“तुमचाच. साफ हाये, बाबू.”

“बाकीच्यांना बशीसकट, आणि आम्हाला खिळ्यावरचा?”

“अरे, चहा तं तोच हाये ना! मंग कायले बोंबलून राह्यला?”

मी बोंबललो. कायदा सांगितला, कलम सांगितलं, चार माणसं गोळा केली, कप जमिनीवर आपटून फोडला. तो भांडणाचा प्रसंग खरा होता आणि उद्या पुन्हा तसा कप दिसला तर मी पुन्हा फोडीन. म्हणूनच तर त्याच्या आड लपणं मला इतकं सोपं गेलं. मागं भोंगा काहीतरी बोलत होता. ‘प्रवाशांना सूचित करण्यात येते’ एवढं मी ऐकलं. पुढचं माझ्याच आवाजात बुडालं.

मुकुटबनची गाडी त्या दिवशी तिसऱ्या खांबाला लागली नाही. जागा अडली होती म्हणून शेडच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला लागली, आणि तिथूनच गेली. मी तिची पाठ पाहिली. मागच्या काचेवर धूळ होती. मी मनाशी म्हणालो, बसली असेल. तिसऱ्या खांबाकडं गेलो नाही. मधे चार खांब होते, गर्दी होती, आणि हॉटेलापाशी पोरं माझी पाठ थोपटत होती. मी त्यांच्याबरोबर मंडळाकडं गेलो.

घरी मायनं विचारलं, “भेटली गाडी?”

“बसवून दिलं.”

“खिडकीपाशी बसली का? तिले उलटी होते.”

“हो,” मी म्हणालो. “खिडकीपाशी.”

दिवेलागणीच्या आधी बा घरी आला. डोक्यावर आत्याचं गाठोडं होतं, मागं त्याचा सदरा धरून आत्या. जिनमधून परतताना त्याला ती दिसली होती, तिसऱ्या खांबाखाली, डोळे मिटून, गाठोडं मांडीवर. सबंध दुपार. आत्या ओसरीवर बसली आणि मायला सांगू लागली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला अजून सोसवत नाही.

“तो डबा वरतून बोलून राह्यला होता, वहिनी. कोनाले बोलून राह्यला होता, काय मालूम. म्या म्हनलं, दादा आवाज देईन तवा उठू. दादानं आवाजच नाई देला.”

बा म्हणाला, “म्या जिनात होतो, सखे.” ते तिला ऐकूच गेलं नाही. तिनं पुढं वाकून विचारलं, “काय म्हनतं, दादा?” तो पुन्हा म्हणाला. तिनं त्याच्या गळ्याला हात लावून पाहिला, ताप पाहतात तसा.

मायनं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मग ताट वाढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. खिडकीचं तिनं कोणाला सांगितलं नाही. आजतागायत नाही.

दुसऱ्या दिवशी बा स्वतः तिला घेऊन मुकुटबनला गेला. सकाळीच माती झाली होती. वाट पाहता येण्यासारखी नव्हती, उन्हाळा होता. आत्याला मामांचं तोंड दिसलं नाही. मी गेलो नव्हतो. कोणी विचारलं तर मंडळाची बैठक होती असं सांगितलं, आणि बैठक खरंच होती. मीच बोलावली होती. हॉटेलच्या कपाचं पत्रक आम्ही त्या बैठकीत लिहिलं. चांगलं झालं होतं. अजून लोक त्याचं नाव काढतात.

आत्या त्यानंतर आमच्याकडं आली नाही. डोळे गेले, असं ऐकलं. ते पत्र्याचं स्टँडही गेलं. चिंच तोडली त्या दिवशी बा पाहायला गेला होता का, मला माहीत नाही. संध्याकाळी त्याच्या खिशात चिंचेची दोन गाभुळलेली बोटुकं होती. मायला म्हणाला, घे.

ठेचकाळलो त्यानंतर चार दिवसांनी मी त्याला म्हटलं, “बा, चल. नवं स्टँड पाहून येऊ.”

“पाहाचं काय त्यात?”

“तरी चल.”

नवा सदरा घालून आला. सिमेंटला हात लावून पाहिला. नळाचं पाणी प्याला. घड्याळाकडं बराच वेळ मान वर करून पाहिलं, त्याला ते वाचता येत नाही. मग कोणी न सांगता तीन नंबरच्या मागं गेला आणि त्या खचलेल्या फरशीपाशी उभा राहिला. एक हात बाजूला नेला, टेकायला. तिथं काही नव्हतं. हात खाली घेतला.

गाडी लागली. वर भोंगा खरखरला, “प्रवाशांना सूचित करण्यात येते...” माणसं इकडंतिकडं पाहू लागली. बाचे ओठ हलत होते. आवाज नाही. पण क्रम मला पाठ होता; ज्या सुरांची मला लाज वाटली ते सगळे मला पाठ होते. मी त्याच्या ओठांकडं पाहिलं, आणि बरोबरीनं, मोठ्यानं पुकारलं.

“जोडमोहा! मोहदा! पांढरकवडा! झरी! मुकुटबन!”

मोर्चात देतो तसा आवाज निघाला. मूठही वर गेली असावी. पानाच्या टपरीवरून दोन पोरं सवयीनं ओरडली, “जिंदाबाद!” आणि सगळा फलाट हसला.

मी मूठ खाली घेतली. बाजूला सरकायला लागलो तर बानं मनगट धरलं. मी वाकलो.

“नारा नको देऊ,” तो घशातल्या घशात म्हणाला. “बोलाव त्यायले. झोपले असतात लोक.”

मी कानावर हात ठेवला. वर्गातली पोरं ठेवायची तसा. दुसऱ्यांदा पुकारलं, झरीला लांबवलं, मुकुटबनला वर न्यायला गेलो आणि आवाज मधेच चिरकला. या वेळी कोणी हसलं नाही. बाकाच्या टोकाला एक म्हातारी पदर तोंडावर घेऊन बसली होती. तिनं पदर काढला, गाठोडं उचललं आणि चालत आमच्यापर्यंत आली. माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही.

“गोमा,” तिनं बाला विचारलं, “हेच हाये काय रे मुकुटबनची?”

बानं मान हलवली. मग ती चढली.